हँडल वर आलं, पण आत किती उरलं?

साठी ओलांडलेले एक गृहस्थ रोज सकाळी गोव्यातल्या चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत सायकल मारतात. मान आखडते, तळव्यांना मुंग्या येतात, म्हणून हँडल थोडं उंच करून द्या, एवढंच त्यांनी बार्देशातल्या एका सायकलवाल्याला सांगितलं. उत्तर आलं, "काका, तुमचा स्टेम आखूड आहे. लांबवाला इम्पोर्टेड टाकावा लागेल." स्टेम म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा भाग. दुसऱ्या दिवशी सायकल हातात. हँडल साडेतीन सेंटिमीटर वर आलेलं, स्टेम चकाचक काळा, बिल 1,850 रुपये. बिलावर "स्टेम व मजुरी" याखेरीज अक्षर नाही. जुना स्टेम मागितला तर म्हणे भंगारात गेला.

तो भंगारात गेलेला नव्हता. तोच सायकलीवर होता, नुसता वर ओढून रंगवलेला.

हे उघडकीला आलं ते आवाजामुळे. फेरीच्या धक्क्याच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की हँडलमधून कटकट व्हायची. पुढे पुढे चाक सरळ आणि हँडल जरासं तिरकं, असं दिसू लागलं. स्टेम बाहेर काढून थिनरच्या फडक्याने पुसला तेव्हा काळा रंग निघाला आणि खालून सगळा जुना इतिहास वर आला. दांड्यावर एक गोल वळ होता, पूर्वी लॉकनट, म्हणजे नळीच्या तोंडावरचा नट, जिथे टेकायचा तिथला. आता तो वळ लॉकनटच्या बरोबर 35 मिलिमीटर वर. वळाच्या वरचा भाग गुळगुळीत, खालचा मळकट, त्यावर ॲल्युमिनिअमला चढतो तसा पांढरा भुगा. नव्या स्टेमवर असा वळ कुठून येणार? त्याहून वाईट म्हणजे खालच्या बाजूला बोटभर पट्टा कानशीने घासलेला होता. तिरप्या रेघा स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांच्यात खोदलेल्या अक्षरांचे शेंडे तेवढे शिल्लक होते.

ती अक्षरं म्हणजे "मिनिमम इन्सर्शन" ची, दांडा निदान इतका आत हवा हे सांगणारी, खूण. अशा स्टेमला क्विल स्टेम म्हणतात. त्याचा दांडा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत उतरतो आणि वरून जाणारा लांब बोल्ट आवळला की तळाची पाचर वर ओढली जाऊन दांडा नळीत घट्ट बसतो. दांड्यावरची त्या खुणेची रेघ लॉकनटच्या वर कधीच दिसता कामा नये. या स्टेमची रेघ खालच्या टोकापासून 65 मिलिमीटरवर होती. आधी 73 मिलिमीटर दांडा आत होता, म्हणजे नियमाने हँडल फक्त 8 मिलिमीटर वर घेता आलं असतं. दुकानदाराने 35 घेतलं. आत उरले 38.

38 मध्ये काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण "घट्ट तर आहे ना?" हा प्रश्न इथे फसवा आहे. हँडल हलवून पाहिलं तर ते घट्टच लागतं. पण चिमट्याच्या नळीला वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात आणि आटे पाडले की तिथली भिंत पातळ होते. या चिमट्याला आटे साधारण 40 मिलिमीटरपर्यंत होते. पाचर त्याच्या खाली, जाड नळीत फुगायला हवी. इथे ती नेमकी आट्यांच्या आत फुगत होती. अशाने नळीला फुगवटा येतो, आट्याच्या खाचेतून चीर सुरू होते, आणि खड्ड्यात किंवा जोराच्या ब्रेकला हँडल दांड्यासकट हातात येऊ शकतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांची जी दशा असते, तिथे हा जुगार कुणी खेळू नये.

खरं लांब दांड्याचं क्विल स्टेम बाजारात मिळतं. क्विलच्या जागी बसणारा ॲडॅप्टरही मिळतो, त्यावर आजचे साधे स्टेम लागतात. मात्र व्यास कॅलिपरने मोजून घ्या. बहुतेक सायकलींना 22.2 मिलिमीटरचा दांडा लागतो, काही स्वस्त सायकलींना 21.1, आणि जाड नळीच्या जुन्या एमटीबींना (माउंटन बाइकना) 25.4. 22.2 च्या नळीत 21.1 चा स्टेम घालून भोवती पत्र्याची पट्टी कोंबणं हीसुद्धा चालू असलेली हातचलाखी आहे. बिअरच्या कॅनचा पत्रा त्यासाठी फार आवडीचा. गोव्यात त्याला तोटा नाही.

नव्या सायकलींना बहुधा क्विल नसतो. तिथे 28.6 मिलिमीटरची नळी वर आलेली असते, तिच्यावर रिंगा आणि स्टेम बाहेरून आवळलेला. इथली फसवणूक वेगळ्या धर्तीची. "नवीन राइज स्टेम (वर उचललेला) टाकला" म्हणून पैसे घेतात आणि केलेलं असतं इतकंच की तुमचाच स्टेम उलटा करून बसवला. 90 मिलिमीटर लांबीचा, 7 अंश तिरपा स्टेम उलटा केला तर हँडल साधारण 2 सेंटिमीटर वर येतं. काम उत्तम आहे, पण ते चार-सहा बोल्टचं आणि पंधरा मिनिटांचं. त्याला पार्टची किंमत लावणं ही चोरीच. स्टेमच्या वरच्या रिंगा खाली घेऊनही तेवढीच उंची फुकटात मिळते. म्हणून नवी सायकल घेताना "फाइन दिसेल" म्हणत कुणी नळी कापायला निघाला तर साफ नाही म्हणा. कापलेली नळी परत लांब होत नाही, आणि मग वर एक्स्टेंडर विकायला तोच माणूस तयार असतो.

एक्स्टेंडर म्हणजे नळीवर बसवून उंची वाढवणारा तुकडा. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या नळीवर, चांगल्या बनावटीचा असेल तर चालतो. कार्बनच्या नळीवर चढवू नका. पाकिटावर एमआरपी, आयात केलेला माल असेल तर आयातदाराचं नाव आणि पत्ता छापलेला असायलाच हवा. सुट्या पिशवीतून काढलेल्या वस्तूला "इम्पोर्टेड" म्हणणाऱ्याला पाकीट दाखवायला सांगा, उत्तर लगेच कळतं. बसवल्यावर एक खूण तपासा: वरची टोपी काढली की आतली नळी स्टेमच्या किंवा रिंगेच्या काठापेक्षा 3 ते 5 मिलिमीटर खाली दिसली पाहिजे. त्याहून फार खाली असेल तर स्टेमचा वरचा बोल्ट पोकळीवर आवळला जातोय. आणि टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगचा सैलपणा काढतो. धरतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट, सहसा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. नेमका आकडा स्टेमवरच छापलेला असतो.

स्वतः करायचं असेल तर क्विलचं काम अवघड नाही. आधी दांड्यावर लॉकनटच्या काठाला टेप लावून ठेवा. वरचा बोल्ट 6 मिलिमीटरच्या ॲलन कीने (जुन्या सायकलींना 13 चा पाना) चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. बोल्टचं डोकं वर येईल. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोका म्हणजे पाचर सुटते. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं की दांडा मोकळा होतो. खाऱ्या दमट हवेत तो बरेचदा नळीत धरून बसतो. अशा वेळी सायकल उलटी करून चिमट्याच्या खालच्या छिद्रातून गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मोठा हातोडा उचलू नका. बाहेर आलेला दांडा पुसून, त्याला आणि पाचरीला ग्रीस लावून परत घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. रेघ नटाखाली दडलीच पाहिजे. आवळल्यावर चाक गुडघ्यांत धरून हँडल बेताच्या जोराने पिळा. सरकता कामा नये.

मग हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. केबल ताणली गेली किंवा ब्रेक आपोआप लागला तर लांब केबल आणि आऊटर (केबलवरचं आवरण) हवंच. इथे दुकानदार आऊटर क्लिपांमधून मोकळं करून "जमवून" देतात, आणि वळताना मागचा ब्रेक धरतो. पोदेराकडे (पाववाल्याकडे) असते तशा जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलीला हँडल वर घेतलं की पुढचा रॉडही वर ओढला जातो आणि ब्रेकचे रबर रिमला घासू लागतात. रॉडची लांबी तिथल्या तिथे जुळवून घ्यावी लागते. शिवाय दर 10 मिलिमीटर उंचीमागे हँडल साधारण 3 मिलिमीटर जवळही येतं, ते लक्षात ठेवूनच किती वर घ्यायचं ते ठरवा.

त्या काकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे अंग पुढे घसरून सगळा भार तळहातांवर येत होता. सीट सपाट केल्यावर अर्धी तक्रार तिथेच मिटली. मोबाइलवरच्या लेव्हलने हे घरी तपासता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. सीट न पाहता थेट पार्टची किंमत सांगणारा दुकानदार कामाचा नाही, हे आमचं स्पष्ट मत.

सायकल दुकानात देण्याआधी स्टेमचा जवळून फोटो काढा, जमिनीपासून ग्रिपपर्यंतची उंची लिहून ठेवा, जुना पार्ट परत मागणार हे आधीच सांगा आणि बिलावर पार्टचं नाव व माप लिहून घ्या. बिल असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. काकांच्या बिलावर मापच नव्हतं. तरी घासलेल्या पट्ट्याचे फोटो समोर ठेवल्यावर पैसे परत आले.

ज्यांनी गेल्या वर्षभरात क्विलचं हँडल उंच करून घेतलंय, त्यांनी टेप लावून दांडा एकदा बाहेर काढून मोजावा, पाचरीची लांबी न धरता. रेघ सापडत नसेल किंवा त्या जागी कानशीचे ओरखडे असतील तर टेपच्या खाली निदान 65 मिलिमीटर दांडा हवा. कमी भरला तर तो स्टेम पुन्हा आवळू नका, आणि चिमट्याचे आटे उजेडात धरून चीर किंवा फुगवटा दिसतो का ते पाहा. दिसला तर चिमटाही बदलायचा.