जपानी शिकवतो, नोकरी लावतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

दिग्रस तालुक्यात पोरांच्या मोबाइलवर सध्या एक जाहिरात फिरतेय : घरबसल्या जपानी, दीड महिन्यात एन-फाइव्ह (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची सर्वांत खालची पातळी), जपानला नोकरी हमखास. माझ्या भाच्याला जपानला जायची मनापासून ओढ. ताईने सोयाबीनच्या पैशातून 18,000 रुपये भरले. ते बुडाले.

क्लास म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे व्हिडिओ. सगळी वाक्यं इंग्रजी अक्षरांत. लिपी कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘आधी बोलायला शिका.’ पैशाइतकाच मला याचा संताप येतो, कारण पोराचा उमेदीचा वेळ गेला. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं, ही आल्याशिवाय जपानीत पुढे सरकताच येत नाही. आणि जेएलपीटी परीक्षेत बोलायचं काही नसतंच, सगळी मदार वाचण्या-ऐकण्यावर.

नोट्सचे 3,000 वेगळे घेतले. ती पीडीएफ म्हणजे जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक, फक्त मुखपृष्ठ बदललेलं. पानांच्या तळाशी फाउंडेशनचं नाव तसंच होतं. हे पुस्तक त्यांच्या वेबसाइटवरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतं.

पोरगा जिद्दीचा. अँकीड्रॉइड हे फुकटचं अ‍ॅप घेऊन तो रात्री स्वतःच काताकाना गिरवत बसला. मग क्लासवाल्यांचं ‘एन-फाइव्ह प्रमाणपत्र’ आलं. नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत तो वाचू लागला आणि थांबला. “मामा, हे माह्यं नाव नाही. इथं ‘सुनीरु’ लिवलं हाये.” सुनील हे नाव काताकानात तसंच लिहितात. कोण्या सुनीलचा कागद होता तो. खालचं नाव बदलायचंही कष्ट घेतले नव्हते.

त्यावर फोन केला तर ‘व्हिसा फाइल’चे आणखी 25,000 मागितले. तेव्हा नीट चौकशी केली. जेएलपीटी घरबसल्या होत नाही. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. 2019 पासून जपानने जो कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला, त्याला साधारणपणे एन-फोर ही एन-फाइव्हच्या वरची पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा लागते, शिवाय कामाची वेगळी परीक्षा. म्हणजे खरं एन-फाइव्ह असतं तरी या व्हिसाला पुरलं नसतं. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं. यांचं नाव तिथे नव्हतं.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते खात्यातच अडकवता येतात, आम्हाला उशीर झाला होता. तेच लोक आता नाव बदलून पुसद, दारव्ह्याच्या ग्रुपांवर आले आहेत. व्हिडिओ तेच, आवाज तोच, आणि पैसे अजूनही एका माणसाच्या खासगी यूपीआयवरच मागतात.