डेबसम्स आणि एड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर सिस्टिम फाइली बदलल्या का हे तपासायला डेबसम्स आणि एड (AIDE) ही दोन्ही साधनं आठ महिने सोबत चालवली. हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची खूण, दोन्ही मोजतात. तो कशाशी ताडून पाहतात, खरा फरक तिथे आहे.

डेबसम्सला काही तयारी लागत नाही. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘-सी’ पर्याय दिला की फक्त बदललेल्या फाइलींची नावं येतात. पॅकेजसोबत आलेल्या एमडी५ (हॅशचा एक प्रकार) यादीशी ते ताडतं. डिस्क खराब झाल्याने किंवा अपडेट मध्येच तुटल्याने फाइल बिघडली असेल, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही: ते पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा, झालं. पण घुसखोर पकडायला त्याच्या भरवशावर राहू नका. यादी त्याच डिस्कवर असते. रूट मिळवलेला माणूस तीही बदलू शकतो.

त्यासाठी एड. ते शा-२५६ किंवा शा-५१२ हॅशसोबत मालक, परवानग्या, इनोड (डिस्कवरचा फाइलीचा क्रमांक) हेही स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवतं आणि पुढे त्याच्याशीच ताडतं. सुरुवातीचे अहवाल मात्र वाचणं अवघड जातं, कारण लॉग (नोंदींची फाइल) रोटेट झाला, म्हणजे जुना बाजूला ठेवून नवा सुरू झाला, तरी बदल दिसतो. लॉगसाठी हॅश काढून टाका, मालक आणि परवानग्या तेवढ्या ठेवा. एडच्या सेटिंगमध्ये एखादी फाइल वगळताना ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह हवंच. ते नसेल तर नुसती सुरुवात जुळली तरी नियम लागू होतो आणि त्याच नावापुढे चार अक्षरं जोडलेली घुसखोराची फाइलही सुटते.

सगळ्यात जास्त घोळ अपडेटच्या वेळी होतो. क्रम असा ठेवा: आधी तपासणी, मग पॅकेज अपडेट, पुन्हा तपासणी, अहवाल वाचून झाल्यावरच ‘--अपडेट’. त्यानेही जुना डेटाबेस बदलत नाही, नवा शेजारी तयार होतो. तो जुन्याच्या जागी स्वतः ठेवावा लागतो. हे राहिलं की रोज तेच बदल पुन्हा येतात आणि माणूस अहवाल उघडणंच सोडतो. रात्री आपोआप अपडेट होणाऱ्या सर्व्हरवर हा धोका जास्त.

एड स्क्रिप्टमधून चालवताना एक्झिट कोड (काम संपताना मिळणारा आकडा) पाहा: १ म्हणजे नवी फाइल, २ काढलेली, ४ बदललेली, आणि यांची बेरीज येते. ५ आला तर नवीही आहे, बदललेलीही.

डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर हवी. कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं घुसखोराचं सॉफ्टवेअर, बसलं असेल तर चालू सिस्टिम एडलाही जुनीच फाइल दाखवू शकते. संशय आला की लाइव्ह यूएसबीवरून (स्वतंत्र सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हवरून) बूट करून, बाहेर ठेवलेल्या त्याच प्रतीशी तपासा.