जर्मन रुग्णालयांच्या निविदेच्या नावाखाली आमचे १०,२०,२४० रुपये गेले

सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात आमच्या कंपनीच्या खात्यातून तीन वेळा मिळून ११,१५० युरो, म्हणजे १०,२०,२४० रुपये गेले. बँकेचे शुल्क त्यात धरलेले नाही. पुण्यात आमची नऊ जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि मध्यम आकाराच्या रुग्णालयांसाठी अपॉइंटमेंट, केसपेपर आणि औषधनोंदी यांची प्रणाली आम्ही तयार करतो. हे लिहायला मला सात महिने लागले, कारण ज्याने अठरा वर्षे सरकारी निविदा भरल्या त्या माणसाने अशा जाळ्यात सापडावे, ही गोष्ट उघडपणे सांगताना मान खाली जाते. पण गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका ओळखीच्या उद्योजकाने, मला निविदेचे आमिष दाखवणारे जे पत्र आले होते जवळजवळ शब्दशः तेच पत्र दाखवले आणि आता गप्प बसणे हा गुन्हा ठरेल असे वाटले.

पत्रातील आमिष खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. जर्मनीने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रुग्णालयांच्या डिजिटल सुधारणेसाठी खास कायदा अमलात आणला. त्याखाली संघराज्य सरकारचे ३ अब्ज युरो आणि राज्ये व रुग्णालये यांचे मिळून १.३ अब्ज युरो उपलब्ध झाले. रुग्णांसाठी पोर्टल, शुश्रूषेच्या डिजिटल नोंदी, औषधव्यवस्थापन ही कामे त्यात येतात, म्हणजे नेमके जे आम्ही करतो ते. स्वतःला जर्मन सल्लागार कंपनीचा संचालक म्हणवणाऱ्या या गृहस्थाने लिहिले होते की तेथे माणसे कमी पडत आहेत, भारतीय पुरवठादारांसाठी एक 'मान्यताप्राप्त यादी' तयार होत आहे आणि तीत नाव घातले की तीन रुग्णालयांच्या निविदा थेट आपल्याकडे येतील.

अशी कोणतीही यादी नाही. तेथील प्रत्येक रुग्णालय आपला पुरवठादार स्वतः निवडते. मोठ्या सरकारी खरेदीच्या जाहिराती युरोपीय संघाच्या 'टेड' या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यासाठी दलाल लागत नाही. या कायद्याखालील निधीसाठी राज्यांनी अर्ज करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपली होती, आणि मला पत्र आले ते सप्टेंबर २०२४ मध्ये, 'निधी नुकताच खुला झाला आहे' असे सांगत. ही एक तारीख मी शोधली असती तरी पुढचे काहीही घडले नसते.

मी काहीच तपासले नाही असे मात्र कोणी समजू नये. त्या कंपनीचा नोंदणी क्रमांक मी जर्मनीच्या व्यापारी नोंदवहीत पाहिला (ती ऑगस्ट २०२२ पासून सर्वांना विनामूल्य पाहता येते). कंपनी खरी होती, संचालकाचे नावही जुळत होते. दोन वेळा व्हिडिओवर बोलणे झाले, तेव्हा समोरचा माणूस रुग्णालयांच्या कामकाजाविषयी आमच्याइतकेच जाणून होता, आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असल्याने कार्यालय बंद राहील हेही त्याने आठवणीने कळवले. खऱ्या कंपनीचे नाव उचलून दुसराच कोणी बोलत असेल, हे माझ्या मनात आले नाही. नोंदवहीत कंपनी सापडली म्हणजे समोरचा माणूस त्या कंपनीचा आहे हे सिद्ध होत नाही. त्या कंपनीचा दूरध्वनी क्रमांक स्वतंत्रपणे शोधा आणि तेथे फोन करून विचारा.

पहिले १,४५० युरो (१,३६,३०० रुपये) 'पूर्वपात्रता नोंदणी' म्हणून १९ सप्टेंबरला गेले. दुसरे २,९०० युरो (२,६८,५४० रुपये) शपथबद्ध भाषांतर आणि 'संघराज्य कार्यालयाचे प्रमाणपत्र' यांसाठी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. यातही अर्धे सत्य होते, कारण हा निधी हाताळणाऱ्या संघराज्याच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयाचे आयटी कर्मचाऱ्यांसाठी एक प्रमाणपत्र देणारे प्रशिक्षण खरोखरच आहे. पण ते प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही. आम्हाला आलेल्या प्रमाणपत्रावर कार्यालयाचा पत्ता बर्लिनचा होता. ते कार्यालय बॉनमध्ये आहे. कागद माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून होता आणि मी पत्ता पडताळला नाही.

तिसऱ्या वेळेचा प्रसंग आठवला की मला अजूनही झोप लागत नाही. ५ डिसेंबरला मी बँकेत ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भरत होतो. रक्कम ६,८०० युरो, म्हणजे ६,१५,४०० रुपये, आणि कारण 'निविदेची अनामत रक्कम'. खाते क्रमांक लिहिताना सुरुवातीची दोन अक्षरे मी स्वतःच्या हाताने लिहिली: एलटी. जर्मन खात्याचा क्रमांक डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरांचा असतो. एलटी म्हणजे लिथुआनिया, आणि तेथील क्रमांक २० अक्षरांचा असतो. माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलेसुद्धा की, 'सर, हे जर्मनीचं खातं आहे ना?' मी तिला सांगितले की युरोपात सगळीकडे एकच बँकिंग आहे. आधीची दोन देयकेही त्याच खात्यात गेली होती आणि तेव्हाही मी पाहिले नव्हते. आमच्या सनदी लेखापालाने १५सीए (परदेशी देयकाचा आयकर फॉर्म) भरला, बँकेने पर्पज कोड (पैसे कशासाठी जातात याचा संकेतांक) तपासला, बीजकाची प्रत घेतली. प्रत्येकाने आपापला कागद पाहिला आणि पैसे जर्मनीला जात नाहीत हे कोणीही बोलले नाही. तरी दोष माझाच, कारण सही माझी होती. त्या ६,८०० युरोंतील मोठा भाग माझ्या धाकट्या भावाची मुदत ठेव मोडून उभा केला होता.

अनामत मागितल्याने मला संशय का आला नाही, असे घरच्यांनी मला अनेकदा विचारले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अनामतीशिवाय निविदा उघडतही नाही. मी आजवर शेकडो वेळा ती भरली आहे आणि तीच सवय माझ्या विरोधात वापरली गेली. शिवाय सल्लागाराच्या खात्यात अनामत भरण्याची पद्धत भारतातही नाही, हे तरी मला कळायला हवे होते. आणि एक गोष्ट जर्मनीत सरकारी कंत्राट शोधणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावी: जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराचा भारत सदस्य नाही, केवळ निरीक्षक आहे. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने क्रोएशियातील एका रेल्वेकामाच्या तुर्की कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की असा करार नसलेल्या देशांतील कंपन्यांना तेथील सरकारी निविदांत समान वागणुकीचा हक्क मागता येत नाही. त्यांना प्रवेश द्यायचा की नाही हे खरेदी करणारी संस्था ठरवते. म्हणजे मला 'हमखास प्रवेश' विकला जात होता त्याच काळात, माझ्या तिसऱ्या देयकाच्या सहा आठवडे आधी, तसा हक्कच नाही हे न्यायालयाने सांगितले होते.

जानेवारीत उत्तरे बंद झाली, तेव्हा मी खऱ्या कंपनीला फोन केला. त्यांना आमचे नावही ठाऊक नव्हते. त्याच दिवशी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण शेवटचे पैसे जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. तुमच्या बाबतीत असे घडले तर तासाचाही विलंब करू नका.

त्यानंतरच्या सरकारी फेऱ्यांनी फसवणुकीइतकाच मनस्ताप दिला. पोलीस ठाण्यातील अधिकारी म्हणाले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, बीजक आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. सायबर विभागाने सांगितले की खाते परदेशात असल्याने प्रथम हद्द ठरवावी लागेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत दाखवून सांगितले. ती प्रत बाजूला ठेवून मला सोमवारी यायला सांगण्यात आले. असे पाच सोमवार गेले. बँकेने रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवला, त्याला उत्तर आले की खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे परत करता येत नाहीत. ज्याने चोरी केली त्याचीच संमती मागितली जाते, यावर काय बोलावे? जर्मन पोलिसांकडे केलेल्या ऑनलाइन तक्रारीला नऊ दिवसांत उत्तर आले, की खाते लिथुआनियात आहे, तेथे कळवावे. लिथुआनियाला कळवले, तर त्यांनी भारतातील गुन्हा नोंदणीची प्रत मागितली, आणि ती प्रत तेव्हा माझ्याकडे नव्हती, कारण गुन्हाच नोंदवला गेला नव्हता.

वकिलाकरवी वरिष्ठांना लेखी अर्ज दिल्यावर, एप्रिलच्या अखेरीस गुन्हा दाखल झाला. वकिलाचे २५,००० रुपये वेगळे गेले. प्रत मी इंग्रजी भाषांतरासह लिथुआनियाला पाठवली. खाते फेब्रुवारीतच बंद झाले असून त्यात शिल्लक नाही, असे तेथून जूनमध्ये कळवण्यात आले. भावाला मी दरमहा २०,००० रुपये परत करतो आहे. त्याने आजवर एकदाही मागितलेले नाहीत.