सिल्कीसाठी घडीचा तारेचा पिंजरा: तळ बदललात तरच

क्रॉफर्ड मार्केटात सिल्कीची, म्हणजे लोकरीसारख्या पिसांच्या कोंबडीची, जोडी विचारली की सोबत घडीचा तारेचा पिंजराही पुढे येतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाला तारेची जाळी, जाळीखाली सरकता प्लास्टिकचा ट्रे. सशाला तोच, मांजराच्या पिल्लाला तोच, कोंबडीलाही तोच. घडी करून पलंगाखाली जातो आणि ट्रे ओढून धुता येतो, म्हणून मुंबईच्या घरात तो सोयीचा वाटतो. सोयीचा आहेही. पण आणला तसाच सिल्कीला दिला, तर आधी तिच्या पायांची वाट लागते.

कारण तिच्या पायाच्या ठेवणीतच आहे. साध्या कोंबडीला चार बोटं असतात, सिल्कीला पाच. पाचवं बोट मागच्या बाजूने वर वळलेलं असतं, जमिनीला टेकत नाही. पिसं पायाच्या नळीवरून उतरून बाहेरच्या आणि मधल्या बोटापर्यंत येतात. जाळीवर चालताना ही पिसं तारांमधून खाली जातात आणि पाऊल उचललं की मोडतात. पाचवं बोट अडकू शकतं ते वेगळंच. नवं पीस उगवत असेल तर त्याच्या दांड्यात रक्त असतं. ते मोडलं की रक्त येतं, आणि लाल रंग दिसला की शेजारची कोंबडी तिथेच टोचत राहते. मोडलेलं पीस पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहतं. खुंट मुळापासून काढला तर नवं पीस भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे कोंबड्यांच्या प्रदर्शनाला महिना उरला असताना पायांकडे लक्ष गेलं, तर उशीर झाला. पक्षी कितीही गुबगुबीत असो, उघडे पाय परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

उपाय सोपा आहे आणि तो केल्यावरच या पिंजऱ्याला चांगलं म्हणता येतं. पाच मिलिमीटर जाडीची पीव्हीसी फोम शीट, म्हणजे साइनबोर्डवाल्यांकडचं सनबोर्ड, जाळीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कमी कापून तळाला घालायची. प्लायवूड नको, ते ओल धरतं आणि पावसाळ्यात फुगतं. त्याच शीटच्या चार इंची पट्ट्या चारही बाजूंना आतून उभ्या करून प्लास्टिकच्या टायने बांधायच्या, नाहीतर वर अंथरलेल्या सालपटी घरभर होतात. वर दोन ते अडीच इंच रंध्याच्या लाकडी सालपटी. करवतीचा बारीक भुसा टाळा. तो डोळ्यात जातो, पिल्लं तो खातात आणि ओला झाला की पायाच्या पिसांना लगदा चिकटतो. भाताचं तूस स्वस्त पडतं, पण त्याची टोकं पिसांत रुतून बसतात.

उन्हाळ्यात सालपटी आठवडाभर चालतात, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवसांत बदलाव्या लागतात. खोलीत उभं राहून वासाचा अंदाज घेऊ नका. खाली वाकून पक्ष्याच्या नाकाच्या उंचीवर वास घ्या. तिथे डोळे चुरचुरले तर सालपटी कालच बदलायला हव्या होत्या. सिल्की सहसा दांडीवर चढून झोपत नाही, सालपटींतच एकमेकींना चिकटून बसते, म्हणून तिच्या तळाची चोख सफाई साध्या कोंबडीपेक्षा जास्त लागते. पिंजऱ्यासोबत येणारी गोल प्लास्टिकची दांडी काढून टाका, ती तिच्या कामाची नाही.

पाण्याची लटकती वाटी हा या पिंजऱ्याचा दुसरा दोष. सिल्कीच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती लोकरीसारखी दिसतात, आणि म्हणूनच त्यांच्यावरून पाणी ओघळून जात नाही, आत मुरतं. वाटीत चोच घातली की शेंडी आणि दाढी भिजते, दमट हवेत ती दिवसभर सुकत नाही, मग डोळे चिकटू लागतात. त्याऐवजी बाटलीला निप्पल, म्हणजे चोचीने दाबलं की थेंब सोडणारी तोटी, लावून ती पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. रोज बोटाने दाबून थेंब येतो का ते पाहा, कारण निप्पल तुंबलं तर बाहेरून कळत नाही.

बाजूच्या तारांमधलं अंतर एक इंचाच्या आसपास असतं. उंदराचं पिल्लू त्यातून सहज आत येतं, आणि मुंबईत तळमजल्यावर किंवा चाळीच्या गॅलरीत ही भीती खरी आहे. रात्री पिंजरा टेबलावर ठेवा, बाहेरून अर्धा इंची वेल्ड मेश, म्हणजे जोडलेल्या तारांची बारीक जाळी, बांधा आणि वर मच्छरदाणी टाका. कोंबड्यांची देवी डासांमुळे पसरते. तिची लस पिल्लांना वेळेवर द्यावी, तशीच मानमोडीचीही (राणीखेत रोगाची). परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पक्ष्यांचं कळणारा डॉक्टर त्या भागात शोधणं सोपं जातं.

जागेचं सांगायचं तर तीन चौरस फुटांत सिल्की कायम ठेवू नये. एका पक्ष्याला किंवा जोडीला रात्रीपुरता ठीक, दिवसा बाल्कनीची कोरडी फरशी हवीच. मात्र तीन कामांना या पिंजऱ्याला तोड नाही. पहिलं, नवा पक्षी आणला की त्याला किमान तीन आठवडे वेगळं ठेवायला. दुसरं, प्रदर्शनाची सवय लावायला. पंधरा दिवस रोज काही तास पक्ष्याला एकट्याला यात ठेवा, दार उघडून छातीखाली हात घालून बाहेर काढा, परत ठेवा. परीक्षकाच्या हातात तो मग आक्रसत नाही. दार वर सरकणारं आणि लहान आहे, शेंडी घासू नये म्हणून पक्षी बाहेर काढताना डोकं तुमच्याकडे वळवा.

तिसरं काम म्हणजे खुडूक मोडणं, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेल्या कोंबडीला त्यातून बाहेर काढणं. सिल्की वारंवार खुडूक बसते, अंडी उचलली तरी उठत नाही. तिला सालपटी न घालता जाळीवर तीन-चार दिवस ठेवलं की खालून हवा लागते, पोट गार राहतं आणि खुडूक मोडते. अन्यथा नको असलेली जाळी इथे कामाला येते. पायांची पिसं वाचवायला जाळीवर बारीक छिद्रांची प्लास्टिकची जाळी अंथरा.

अंघोळ प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी घाला. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, पायांना मऊ टूथब्रश. विष्ठेचे कडक गोळे ओढून काढू नका, पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवले की सुटतात. ड्रायर कमी उष्णतेवर आणि फूटभर लांब धरा. वरून कोरडी वाटली तरी बोटं कातडीपर्यंत घालून तपासा, आतली लव ओली राहिली तर पक्षी गारठतो. मग ताज्या सालपटी घातलेल्या पिंजऱ्यात सोडा.

विकत घेताना रंगापेक्षा जोड पाहा. तारा जिथे जुळवल्या आहेत तिथला लेप उडालेला असेल तर समुद्राच्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. तळाच्या जाळीवर आतून तळहात फिरवा. एखादं टोक हाताला लागलं तर दुसरा नग मागा.