साळई गुग्गुळ कॅप्सूल, आईसाठी घेतल्या होत्या (५ पैकी २ स्टार)

आईला ग्लायोब्लास्टोमा आहे, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ. ऑपरेशन झालं, मग ३० वेळा रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी. मेंदूला सूज होती म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू होतं, त्याने शुगर वाढली, चेहरा सुजला, रात्र रात्र झोप नाही. तेव्हा एका नातेवाइकाने या कॅप्सूल सुचवल्या.

साळई म्हणजे आपल्या सातपुड्यातलं झाड, त्याचा डिंक धुपात घालतात तोच. मी आधी वाचलं मग घेतलं. जर्मनीत फ्रायबुर्गला ४४ पेशंटवर अभ्यास झालाय, २०११ मध्ये छापून आला, रेडिएशन चालू असताना रोज ४२०० मिलिग्रॅम साळईचा अर्क दिला तर ६० टक्के पेशंटची सूज पाऊण हिश्श्याहून जास्त उतरली, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत असे २६ टक्केच निघाले. म्हणजे वनस्पतीत दम आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे सुजेचं झालं, गाठ बरी होते असं त्यातून सिद्ध झालेलं नाही.

आता हिशोब बघा. एक कॅप्सूल ४०० मिलिग्रॅमची, लेबलवर लिहिलंय दिवसाला दोन. त्या अभ्यासाएवढा डोस द्यायचा तर रोज दहा-अकरा लागतील, ६० ची बाटली सहा दिवसही पुरणार नाही. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले जेवणासोबत दोन द्या चालेल, पण स्टिरॉइड मनाने बंद करू नका. आईचं पोट सुरुवातीला थोडं बिघडलं, नंतर ठीक. पुढे स्टिरॉइड डॉक्टरांनीच हळूहळू कमी केलं, त्याचं श्रेय कॅप्सूलला किती द्यायचं ते मला खरंच सांगता येणार नाही.

दुकानदाराने सोबत हळदीच्याही कॅप्सूल दिल्या होत्या, त्यात मिरीतलं पिपेरिन. हळदीतलं करक्युमिन नुसतं खाल्लं तर रक्तात फारसं उतरतच नाही म्हणून ते घालतात, पण तेच पिपेरिन फिटच्या फेनिटोइन गोळीचं रक्तातलं प्रमाण पण वाढवतं आणि आईला तीच गोळी चालू आहे!! डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या बंद करायला लावल्या. दुकानात एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं की बाकी औषधं कोणती चालू आहेत.

सगळ्यात राग याचा आला की फोनवर दुकानदार म्हणाला केमो थांबवा, यानेच गाठ विरघळेल. अहो, सदाफुलीतून विन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध काढतात, मेंदूच्या काही ट्यूमरना ते देतातही, पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून. झाडपाल्याचं औषध असंच बनतं. म्हणून काय कोणी दारातली सदाफुली वाटून प्यायची का, विषारी असते ती.

दोन स्टार फक्त कॅप्सूलचे, वास खऱ्या साळईचा होता आणि पॅकिंग नीट होतं. बॅचचा लॅब रिपोर्ट मागितला, तीनदा फोन केला, अजून आलेला नाही. दुसरी बाटली इथून घेणार नाही.