फ्रीडॉस 1.4 : फॉक्सप्रोवरच्या हिशेबासाठी घ्यावी का?

ज्यांची यंत्रमागाची मजुरी आणि सुताचा स्टॉक अजून डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे, त्यांचं जुनं मशीन बंद पडलं की खरी अडचण सुरू होते. 64-बिट विंडोजमध्ये 16-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. अशा वेळी फ्रीडॉस हा उत्तम पर्याय आहे. 1994 पासून चालत आलेली, फुकट आणि खुल्या सोर्सची ही डॉस आहे, 1.4 आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम बदल न करता चालतात आणि एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क थेट वाचता येते. आमचं मत सरळ आहे: सिस्टिम भक्कम आहे, पण काम होणार की नाही हे मशीन आणि प्रिंटरवर ठरतं.

सोलापूरच्या नवी पेठेत सेकंडहँड मशीन बघताना आधी बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) लेगसी किंवा सीएसएम बूट, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, आहे का ते पाहा. फक्त यूईएफआय ही नवी पद्धत असेल तर फ्रीडॉस त्यावर सुरूच होणार नाही. दुसरं, बोर्डावर पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची रुंद जोडणी) हवा. यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊ नका. डॉसला ती एलपीटी1 (पहिला प्रिंटर पोर्ट) म्हणून दिसत नाही आणि डॉट मॅट्रिक्स गप्प बसतो. पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड (बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारं) चालतं, मात्र त्याचा पत्ता, म्हणजे प्रोग्रॅम ज्या आकड्याने पोर्ट गाठतो तो, नेहमीचा 378 नसतो. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर एलएसपीसीआय -व्ही (lspci -v) ही आज्ञा देऊन तो शोधा. समजा 9010 निघाला, तर डॉसच्या डीबग या प्रोग्रॅममध्ये 'ई 40:8 10 90' (e 40:8 10 90) लिहायचं (बाइट उलट्या क्रमाने) आणि 'क्यू'ने (q) बाहेर पडायचं. मशीन बंद केलं की हे पुसलं जातं, म्हणून या दोन ओळी फाइलमध्ये ठेवून, मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या एफडीऑटो.बॅट (FDAUTO.BAT) फाइलमधून डीबगला द्या. जे प्रोग्रॅम थेट 378 वरच लिहितात, त्यांना याचा उपयोग नाही.

इन्स्टॉलेशन सोपं आहे: फ्रीडॉसची लाइटयूएसबी इमेज (छोट्या इन्स्टॉलरची फाइल) पेनड्राइव्हवर उतरवा, त्यावरून बूट करा. कोऱ्या डिस्कवर आधी पार्टिशन पाडून मशीन रीस्टार्ट करावं लागतं, मग फॉरमॅट. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क या मशीनला जोडूच नका. आधी तिची पूर्ण प्रत काढून ठेवा. डेटासाठी 2 जीबीच्या आतलं वेगळं पार्टिशन ठेवा, कारण मोकळी जागा त्याहून जास्त दिसली की काही जुने प्रोग्रॅम 'जागा अपुरी' म्हणून थांबतात. एफडीकॉन्फिग.सिस (FDCONFIG.SYS) या सेटिंगच्या फाइलमध्ये फाइल्स=80 (FILES=80) करा, नाहीतर एकाच वेळी बरेच टेबल उघडले की फॉक्सप्रो अडतो. सुरुवातीच्या मेनूत जेमएमएक्स (मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) निवडल्यावर मशीन अडकलं, तर सेफ मोडचा पर्याय घ्या.

वेगवान प्रोसेसरवर फॉक्सप्रो 2.6 सुरू होतानाच शून्याने भागाकाराची एरर देऊ शकतो. टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हीच गोष्ट 'रनटाइम एरर 200' म्हणून दिसते. वेग मोजणारं लूप इतकं झटकन पळतं की भागाकाराचं उत्तर 16 बिटांत मावत नाही. दोन्हींसाठी पॅच आहेत. दोष फ्रीडॉसचा नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक सोय विशेष उपयोगी पडते. साधी डॉस रिकामी बसली तरी प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरवत राहते. 'एफडीएपीएम एपीएमडॉस' (FDAPM APMDOS) ही आज्ञा दिली की रिकाम्या वेळात तो थांबतो आणि मशीन कमी तापतं. एप्रिल-मेमध्ये, पंख्यात सुताचे तंतू अडकलेले असताना, हे कराच.

वीज गेली तर? फ्रीडॉसचा एलबीएकॅश (डिस्कचं काम वेगाने होण्यासाठी डेटा मेमरीत ठेवणारा प्रोग्रॅम) फक्त वाचन साठवतो, लिखाण लगेच डिस्कवर जातं, ही जमेची बाजू. पण चालू नोंद अर्धवट राहून इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) बिघडू शकतो, म्हणून यूपीएस घ्याच आणि वीज गेल्यानंतर रीइंडेक्स (ती सूची पुन्हा बनवण्याची आज्ञा) चालवा. बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीन सुरू करण्याआधीच लावायचा; बायोसने बूटच्या वेळी दाखवला तरच डॉसला तो दिसतो.

मराठी पावत्यांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड (डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं) वापरात असेल, तर मात्र थांबा. ते आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं असेल तर नव्या बोर्डावर बसणारच नाही. त्या ऑफिसने जुनाच बोर्ड दुरुस्त करून घ्यावा. आणि ज्यांच्याकडे फक्त यूएसबीचा प्रिंटर आहे, त्यांनी विंडोजवर डॉसबॉक्स-एक्स (विंडोजमध्येच डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम) बसवावं. प्रिंट विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते.