केर्मिसच्या चित्राचं रिप्रिंट: ओळीच कापल्यात राव!

केर्मिस म्हणजे डच जत्रा. तिथे पूर्वी धंदेवाले लोक गिऱ्हाइकांना छापील चित्रं वाटायचे, मला कधीपासून त्यांचं खूळ आहे. नवीन वर्षाला तर गस्तवाले, दिवे लावणारे असे सगळे दारोदार जाऊन यमकातल्या शुभेच्छांचा कागद द्यायचे आणि पैसे घ्यायचे, म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की! साधी चित्रं एका सेंटला मिळायची म्हणून नाव सेंट्सप्रेंट.

तर असल्याच एका चित्राचं रिप्रिंट एका ऑनलाइन दुकानातून मागवलं, चित्राचं नाव यान डे वासर. यान आणि त्याची बायको ग्रीट कामांची अदलाबदल करतात, विजार ती घालते आणि हा बापडा धुणं धुतो, पोर सांभाळतो. डचमध्ये आजही घरात जिचं चालतं तिच्या अंगात विजार आहे असं म्हणतात. छोट्या छोट्या चौकटी आणि प्रत्येकीखाली दोन ओळींचं यमक, सगळी गंमत त्या यमकात.

आणि यांनी यमकच कापलंय! फ्रेमच्या मापात बसावं म्हणून प्रत्येक चौकटीची खालची पट्टी गायब, म्हणजे विनोद सांगायचा आणि शेवटचं वाक्य गिळायचं. वर कागद चकचकीत, कॅलेंडरसारखा. रंगही "सुधारलेत". अहो, मूळ कागदावर लाकडी ठशाने छापून वर घाईघाईत रंगाचे फटकारे मारलेले असायचे, लाल रंग नाकावरून गालावर ओघळलेला, ठसा वापरून वापरून चिरलेला, तर त्याची पांढरी रेघ चित्राच्या मधोमध. माझ्यासाठी तीच खरी मजा, ती यांनी पुसून टाकली. पॅकिंग मात्र मस्त होतं, जाड पुठ्ठ्याची नळी, एक घडी नाही, म्हणून एक स्टार जास्त.

घेऊ नका. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने अशा जुन्या चित्रांचे स्कॅन ऑनलाइन ठेवलेत, फुकट बघता येतात, शोधताना सेंट्सप्रेंट हा शब्द डच स्पेलिंगनेच (centsprent) टाका नाहीतर हाती काही लागत नाही. मी त्यातलंच एक उतरवून साध्या खरखरीत कागदावर प्रिंट काढलं, यमकासकट, ओघळासकट. भिंतीवर ते लागलंय, विकतचं नळीतच पडून आहे आणि दुकानाचं उत्तर आलंय की "क्रॉपिंग हा डिझाइनचा भाग आहे".